क्लिनिकल रिसर्चच्या इंटर्नशिपमागची गोष्ट

आमच्या क्लिनिकल रिसर्च विभागात, म्हणजे जिथे औषधांच्या माणसांवर चाचण्या (ट्रायल्स) होतात तिथे, दर सेमिस्टरला कुठल्या ना कुठल्या कॉलेजचे सर नाहीतर मॅडम एमओयूची (सामंजस्य कराराची) फाइल घेऊन येतात. मागणी ठरलेली, आमच्या पोरांना महिनाभर तुमच्याकडे बसू द्या, ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंगचे) क्रेडिट भरायचेत. आम्ही जमेल तेवढ्यांना घेतो. पण हे सगळं दोनचार वर्षांत अचानक उगवलेलं नाहीये आणि मागचं थोडं माहीत असलं की करार करताना नक्की काय मागायचं ते दोन्ही बाजूंना नीट कळतं, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे कॉलेज आणि माणसांवरचं संशोधन यांची गाठ फार जुनी. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सुटला तेव्हा हाफकिन हे शास्त्रज्ञ लस करायला आले आणि त्यांना जागा मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजात, एक लहानशी खोली. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या जेलमधल्या स्वयंसेवक कैद्यांवर चाचणी झाली. आजच्या नियमात कैदी म्हणजे असुरक्षित गट, तिथे संमती किती मोकळेपणाने दिली जाते हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जाईल. त्या काळी मात्र तो विचारणारी, संशोधनाची नैतिकता तपासणारी एथिक्स कमिटीच नव्हती. मला हे मुद्दाम सांगायचंय कारण विद्यार्थ्याने या क्षेत्रात सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच, औषधाच्या आधी माणूस.

शिकता शिकता कामावर जायची पद्धत मात्र बाहेरून आली. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये इंजिनिअरिंगच्या २७ मुलांना घेऊन काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात अशी योजना सुरू केली, तिला तिकडे को-ऑप म्हणतात. आणि क्लिनिकल रिसर्चचा धंदा स्वतःच विद्यापीठातून निघालाय बरं का, क्विंटाइल्स ही पुढे जगातली फार मोठी सीआरओ (औषध कंपन्यांसाठी चाचण्या चालवून देणारी कंपनी) झाली ती १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या बायोस्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकाने, डेनिस गिलिंग्स यांनी काढली.

भारतात आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने) १९७९ पासून एमबीबीएसच्या मुलांसाठी शॉर्ट टर्म स्टुडंटशिप ठेवली, सुट्टीत दोन महिने गाइडच्या हाताखाली छोटा प्रोजेक्ट आणि थोडं मानधन. १९८० मध्ये आयसीएमआरचंच माणसांवरच्या संशोधनाबद्दलचं नैतिक धोरण आलं. पण हे सगळं डॉक्टरकीच्या मुलांपुरतं. बी.फार्म, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्सवाल्यांना ट्रायल म्हणजे काय हे शिकायची सोयच नव्हती, कारण तेव्हा तसं कामही फार नव्हतं. १९८८ मध्ये औषधांच्या नियमांत शेड्यूल वाय आलं त्यात बाहेरच्या औषधाची भारतातली चाचणी बाहेरच्यापेक्षा एक फेज (चाचणीचा टप्पा) मागेच ठेवायची अट होती, म्हणजे तिकडे फेज तीन चालू तर इकडे फेज दोन.

जानेवारी २००५ मध्ये ती अट गेली, फेज दोन आणि तीन जगाबरोबरच इथे करता यायला लागल्या, त्याच वर्षी औषधांना प्रॉडक्ट पेटंटही लागू झालं आणि मग मुंबई, पुणे, अहमदाबाद, बंगलोर सगळीकडे सीआरओंची ऑफिसं भरायला लागली. माणसं हवी होती आणि कॉलेजं त्यांच्या जुन्या सिलॅबसमध्ये अडकलेली. ही पोकळी खासगी डिप्लोमावाल्यांनी भरली. मीही तसाच एक डिप्लोमा केला. फी भरपूर, स्लाइड्स भरपूर, जीसीपीची (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, चाचणी नीट कशी करायची त्याची) तत्त्वं तोंडपाठ, पण वर्ष संपलं तेव्हा मी एकही सोर्स डॉक्युमेंट, म्हणजे पेशंटची मूळ नोंद, हातात धरलेलं नव्हतं, पेशंटसमोर बसणं तर सोडाच. पहिल्या नोकरीत पहिला आठवडा मला केस पेपरमधलं डॉक्टरांचं अक्षर लागत नव्हतं आणि त्यासाठी कुणी तयारच केलं नव्हतं याचा राग मला अजून येतो. माझ्या बॅचची कितीतरी हुशार पोरं यात पैसे घालून शेवटी मेडिकल कोडिंगला नाहीतर एमआर म्हणून गेली.

सरकारी बाजूने एक चांगली गोष्ट २००८ मध्ये झाली, फार्म.डी (डॉक्टर ऑफ फार्मसी) आलं. सहा वर्षांचा कोर्स, शेवटचं पूर्ण वर्ष हॉस्पिटलात इंटर्नशिप, त्यातले सहा महिने जनरल मेडिसिन. म्हणजे फार्मसी कॉलेजला हॉस्पिटलशी करार करणं भाग पडलं आणि आमच्या साइट्सवर, म्हणजे ट्रायल चालते त्या ठिकाणी, पहिल्यांदा अशी मुलं यायला लागली ज्यांना वॉर्ड माहीत होता. माझ्या मते आजच्या एमओयूंचं खरं मूळ इथे आहे.

मग २०१० ला आंध्र आणि गुजरातमधल्या मुलींवरचा एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या) लसीचा प्रकल्प थांबवला गेला, संमतीबद्दल गंभीर प्रश्न निघाले. २०१२ मध्ये स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना ट्रायल्समधल्या गैरप्रकारांविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली, २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले, संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने इथल्या बऱ्याच ट्रायल्स थांबवल्या आणि नव्या मंजुऱ्या झपाट्याने आटल्या. नोकऱ्या गेल्या, लोक हळहळले, मीही हळहळलो, पण खरं सांगतो ते व्हायलाच हवं होतं, कारण घाईघाईत अंगठे घेतले जात होते हे साइटवरच्या प्रत्येकाला दिसत होतं. मार्च २०१९ मध्ये न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स आले, त्याने घडी परत बसली, आणि वर्षभरात कोविड. लसींच्या ट्रायल्समुळे पुण्यात घराघरात फेज तीन हा शब्द पोचला.

आत्ताची गर्दी आहे ती २०२० च्या शैक्षणिक धोरणाची. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पीजीच्या पहिल्या वर्षात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं, एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. एमएस्सी बायोटेक, मायक्रो, स्टॅटची मुलं आता आमच्या दारात उभी असतात ती यामुळे. चांगलंच आहे. फक्त १२० तास झेरॉक्स आणि फायलिंगमध्येही जातात, आणि तसे घालवणारी ठिकाणं आहेत. म्हणून आम्ही करारातच लिहून घेतो, जीसीपीचं ट्रेनिंग झाल्याशिवाय साइटवर पाऊल नाही, गोपनीयतेचं पत्र सहीसकट, डेलिगेशन लॉगमध्ये (कुणी कुठलं काम करायचं त्या यादीत) नाव नसेल तर ट्रायलचं कुठलंही काम स्वतःच्या हाताने करायचं नाही, बघायचं मात्र सगळं. औषधांच्या फ्रिजचा २ ते ८ अंशांचा लॉग कसा भरतात, एसएई (पेशंटच्या बाबतीत गंभीर प्रतिकूल घटना) झाला की २४ तासांत कुठे कुठे कळवायचं, आणि पेशंटच्या परवानगीने कन्सेंटच्या (संमती घेण्याच्या) खोलीत कोपऱ्यात गप्प बसून ऐकायचं.

मागच्या वर्षी अशीच एक मुलगी कोपऱ्यात बसलेली, बीड जिल्ह्यातली, एमएस्सीची. समोर साठी ओलांडलेल्या आजी, कॅमेरा चालू, लिहितावाचता येत नाही म्हणून शेजारी त्रयस्थ साक्षीदार. डॉक्टरांनी मराठी फॉर्म वाचला, त्यात 'यादृच्छिक पद्धतीने गट ठरेल' असं होतं. आजींनी मान हलवली आणि अंगठ्याला शाई लावायला हात पुढे केला. ही मुलगी नियमाप्रमाणे गप्प राहिली, पण डॉक्टरांकडे बघून तिने नाणं उडवल्यासारखी बोटं हलवली. डॉक्टर थांबले. "आजी, म्हणजे छापा की काटा, तसं. तुम्हाला खरं औषध मिळेल की नुसती गोळी ते मी पण नाही ठरवणार." आजी म्हणाल्या, "मग घरी लेकाला इचारून येते." चार दिवसांनी आल्या, लेकाला घेऊन, आणि त्यानेही तोच प्रश्न आधी विचारला.

फॉर्ममधलं ते वाक्य बदलायला स्पॉन्सरकडे (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीकडे) ईमेल, नवं भाषांतर, बॅक ट्रान्सलेशन (ते परत मूळ भाषेत करून ताडून बघणं) आणि एथिक्स कमिटीची मंजुरी एवढं सगळं लागलं. तोवर मुलीचे १२० तास संपून ती गेली होती. नव्या व्हर्जनमध्ये 'नाणेफेकीसारखं' असा शब्द आहे, त्याचा फोटो काढून मी तिला पाठवला.