रॅनिटिडिनमधले एनडीएमए: गोळीतले, पोटातले की यंत्रातले?

औषधातल्या 'इम्प्युरिटी'ला वर्तमानपत्रे सर्रास भेसळ म्हणतात. भेसळ कुणीतरी करतो. इम्प्युरिटी औषध बनवतानाच मागे उरते, नाहीतर गोळी शेल्फवर पडून असताना तयार होते. गोळी पोटात गेल्यावर शरीर तिचे जे करते, ते मेटाबोलाइट. चौथी जागा मात्र सहसा कुणी बोलून दाखवत नाही: तपासणीचे यंत्र. रॅनिटिडिन या पित्ताच्या गोळीत एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेले रसायन सापडले, तेव्हा चारही जागांवर संशय घेऊन झाला.

जुना रिवाज सोपा होता. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, नमुना सोडायचा, आलेखातल्या मुख्य पीकच्या (उंचवट्याच्या) आजूबाजूचे छोटे पीक मोजायचे, साधारण ०.१ टक्क्याच्या वर गेले तर ते काय आहे ते शोधायचे. २०१८ साली व्हल्सार्टनने हे गणित मोडले. रक्तदाबाच्या या औषधात टेट्राझोल वलय जोडायची कृती बदलली होती. द्रावक म्हणून डीएमएफ आणि उरलेले अझाइड हे रसायन संपवायला सोडियम नायट्राइट. त्यातून एनडीएमए तयार झाले. याची मुभा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. एवढेसे नेहमीच्या यूव्ही डिटेक्टरला दिसतही नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका खासगी प्रयोगशाळेने रॅनिटिडिनच्या एका गोळीत ३० लाख नॅनोग्रॅमहून जास्त एनडीएमए असल्याचे सांगितले. आकडा जगभर फिरला, पद्धत कुणी विचारली नाही. ती होती हेडस्पेस जीसी-एमएस: नमुन्याची बंद व्हायल (छोटी बाटली) १३० अंश सेल्सिअसला तापवायची आणि वर जमलेली वाफ यंत्रात घ्यायची. व्हल्सार्टनला ही पद्धत चालली होती. पण रॅनिटिडिनच्या रेणूत एका टोकाला डायमिथाइलअमिनचा तुकडा आहे, दुसरीकडे नायट्रो गट. तापले की रेणू तुटतो आणि त्याच्याच तुकड्यांतून एनडीएमए जुळते. थोडक्यात, स्वयंपाक व्हायलमध्येच झाला होता. अमेरिकेच्या औषध नियामकाने मग नमुना न तापवता रेणूंचे वस्तुमान बारकाईने मोजणारी एलसी-एचआरएमएस पद्धत दिली. आकडे धाडकन खाली आले, पण काही नमुने मर्यादेच्या वरच राहिले.

पोटाचे काय? २०१६ च्या एका अभ्यासात दहा जणांच्या लघवीत गोळीनंतर एनडीएमए प्रचंड वाढल्याचे म्हटले होते. तो निबंध २०२१ मध्ये लेखकांनीच मागे घेतला. त्याच वर्षी १८ निरोगी स्वयंसेवकांना ३०० मिलिग्रॅम देऊन केलेल्या चाचणीत लघवीतल्या एनडीएमएत लक्षणीय वाढ दिसली नाही.

मग एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत औषध बाजारातून काढायला लावले ते कशासाठी? साठवणुकीसाठी. साध्या तापमानालाही एनडीएमए वाढत जाते, उष्णतेत आणखी वेगाने. ३० लाखांचा आकडा फुगवटा होता म्हणून हा निर्णयही चुकला, असे म्हणणारे अजून भेटतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे पित्ताची ही गोळी विकली जात राहिली. २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून तिचे नाव तेवढे गेले.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमध्ये एनडीएमए शोधताना, २०२० मध्ये, यंत्राने पुन्हा चकवले. एनडीएमएच्या आयनाचे वस्तुमान ७५.०५५३, तर डीएमएफच्या जड नायट्रोजनवाल्या आयनाचे ७५.०५७१. दोन्ही एकाच वेळी कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) बाहेर पडले आणि यंत्राची अचूकता कमी पडली, तर डीएमएफही एनडीएमएच्या खात्यात जमा होते.