पार्श्वभूमी : किलो बाजारात, न्यूटन वहीत

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहायचे आणि वजन न्यूटनमध्ये, हे शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत फळ्यावर येते. तोच विद्यार्थी संध्याकाळी दुकानात ‘दोन किलो वजनाची गुळाची ढेप’ मागतो. त्याचा भाऊ तालमीत ७४ किलो ‘वजनी’ गटातून उतरतो. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात कॉम्प्रेसरकडे बघून ‘चार किलो प्रेशर’ म्हणतात. पहिल्या दोन ठिकाणचा किलो वस्तुमानाचा आहे. तिसऱ्या ठिकाणचा किलो बलाचा, तोही एका चौरस सेंटिमीटरवरचा. परीक्षेत ‘वजन ५ किग्रॅ’ लिहिणाऱ्याचा गुण जातो, आणि जायलाही हवा. पण या चुकीचे मूळ त्या मुलाच्या डोक्यात नाही. ते शब्दांच्या आणि कायद्याच्या इतिहासात आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. गुरु म्हणजे जड, गुरुत्व म्हणजे जडपणा, आणि वस्तू पडते ती या गुणामुळे, हा विचार भारतीय दर्शनांत फार आधीपासून आहे. ११५० सालच्या एका संस्कृत ज्योतिषग्रंथात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. मात्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम तिथे नाही, आणि दोन्ही गोष्टी एकच असल्यासारखे शिकवणे दोन्हींवर अन्याय करणारे आहे. आपण आज वापरतो त्या ‘गुरुत्वाकर्षण’ शब्दात मात्र तो जडपणा तसाच राहिला. त्यामुळे जड वस्तूलाच आकर्षण असते, हलकीला नसते, असा समज शब्दाबरोबरच वर्गात येतो.

वस्तुमान आणि वजन या वेगळ्या राशी आहेत याची पहिली ठोस खूण घड्याळाने दिली. १६७२ मध्ये पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या केयेनला नेलेले लंबकाचे घड्याळ रोज दोन मिनिटांहून जास्त मागे पडू लागले. सेकंदाचा लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. गोळा तोच होता, ओढ कमी झाली होती. पुढे न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात द्रव्याचे परिमाण आणि त्याचे वजन यांची फोड केली गेली. त्यासाठी दोन सारख्या लाकडी पेट्या सारख्याच लांबीच्या दोऱ्यांना टांगल्या होत्या. त्यांत पाळीपाळीने सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू भरून त्यांचे झोके ताडून पाहिले. झोक्यांत फरक पडला नाही. म्हणजे एकाच ठिकाणी वजन वस्तुमानाच्या प्रमाणातच असते, द्रव्य कोणतेही असो. आणि नेमक्या याच सत्यामुळे बाजारात दोन्हींसाठी एक शब्द चालून गेला. कॅव्हेंडिशच्या १७९८ च्या प्रसिद्ध प्रयोगात मोठा जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा सार्वत्रिक स्थिरांक, काढला असे पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात तिथे पृथ्वीची घनता काढायची होती, आणि उत्तर पाण्याच्या सुमारे साडेपाच पट आले. मोठा जी हे अक्षर त्या प्रयोगानंतर पुष्कळ वर्षांनी रूढ झाले.

आता खरा गुंता. १७९५ मध्ये फ्रान्सने ग्रॅमची पहिली व्याख्या केली ती शब्दशः वजनाचीच होती : वितळत्या बर्फाच्या तापमानाला एक घन सेंटिमीटर शुद्ध पाण्याचे वजन. म्हणजे किलो जन्मला तोच वजन म्हणून. १८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा ३९ मिलिमीटर उंच आणि तितक्याच व्यासाचा दंडगोल जगाचा किलोग्रॅम ठरला, आणि त्या वेळी त्याला वस्तुमानाचे एकक म्हटले गेले. तरी व्यवहारात संदिग्धता राहिलीच. ती संपवण्यासाठी १९०१ च्या आंतरराष्ट्रीय बैठकीने तीन गोष्टी जाहीर केल्या. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. वजन ही बलाच्या जातीची राशी आहे, वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण. आणि हिशेबासाठी त्वरणाचे प्रमाण मूल्य ९८०.६६५ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग धरावे.

या निर्णयावर आजही वाद घालता येतो. भौतिकशास्त्राला दोन राशींसाठी दोन शब्द हवे होते, ही गरज खरी. पण रोजच्या बोलीतला शब्द लोकांकडून काढून बलाला दिला गेला, आणि लोकांच्या हातातल्या राशीला नवा, परका शब्द मिळाला. उलटे करता आले असते : ‘वजन’ बाजाराकडे राहू द्यायचे आणि पृथ्वीच्या ओढीला ‘गुरुत्व बल’ म्हणायचे. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ही वाट नक्कीच सोपी झाली असती. बलाला स्वतःचे एकक मिळायलाही वेळ लागला. न्यूटन हे नाव अधिकृत झाले १९४८ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही ‘किलोग्रॅम-भार’ चालू राहिला, म्हणजे प्रमाण त्वरणाखाली एक किलो वस्तुमानावरची ओढ, ९.८०६६५ न्यूटन. कॉम्प्रेसरचे ‘चार किलो’ आणि टायरातली ‘तीस पौंड हवा’ ही त्याच वंशावळीतली नावे आहेत.

मराठीत याला आणखी पदर आहेत. ‘वजन’ मूळ अरबी, व्यापाराबरोबर आलेला, पूर्णपणे तराजूचा शब्द. ‘वस्तुमान’ पुस्तकासाठी घडवलेला. वस्तूचे मान, म्हणजे माप. शब्द चांगला आहे, पण ऐकणाऱ्याला आकारमान आठवते, कारण दोन्हींत ‘मान’ आहे आणि धडेही लागोपाठ येतात. हिंदीत वस्तुमानाला द्रव्यमान आणि वजनाला भार म्हणतात. हिंदीतला व्हिडिओ पाहून आलेला मुलगा ‘भार’ म्हणतो, आणि मराठी वर्गात तो शब्द विजेच्या धड्यातही भेटतो. सर्वांत फसवा शब्द ‘जडत्व’. पुस्तकात जडत्व म्हणजे गतीत बदल व्हायला होणारा विरोध. आपल्याकडे ‘पिशवी लई जड हाय’ म्हणजे तिला उचलायला जोर लागतो. पहिल्याचा संबंध वस्तुमानाशी, दुसऱ्याचा वजनाशी, आणि शब्द एकच.

याच्यावर व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा दोन डब्यांचा प्रयोग जास्त कामाचा आहे. एकसारखे दोन बंद डबे घ्यावेत, एकात वाळू, दुसऱ्यात चुरमुरे. दोन्ही छताच्या हुकाला सारख्याच, दीड मीटरच्या दोरीने टांगावेत. आता एका बोटाने आडवे ढकलावे. डब्यांचे वजन दोरीने पेलले आहे, हाताला उचलायचे काहीच नाही. तरी वाळूचा डबा सहज हलत नाही आणि हलल्यावर सहज थांबत नाही. हाताला जाणवते ते वस्तुमान. ढकल हलकी आणि आडवीच हवी. जोरात दिली की डबा वर चढतो, ओढ हिशेबात येते आणि प्रयोग फसतो.

आपल्या कायद्याने गुंता सोडवला नाही, नोंदवून ठेवला. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. त्याच्या नावात ‘वजने’, कलमात मात्र किलोग्रॅम हे ‘वस्तुमानाचे’ एकक. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला आणि १९६२ पर्यंत शेर-मण व्यवहारातून हटवायचे ठरले. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, ४० शेरांचा मण म्हणजे ३७.३२ किलो. शिवाय शेर हे धान्याचे मापही होते, चार शेरांची पायली. म्हणजे एकाच शब्दात वजन आणि आकारमान. त्या पिढीला शेराचा किलो करण्याची कसरत इतकी होती की किलो वस्तुमानाचा की बलाचा हा प्रश्न दुकानात कोणाला पडलाच नाही. आजही पुडक्यावर ‘निव्वळ वजन ५०० ग्रॅम’ छापलेले असते आणि ते बेकायदा नाही.

फरक कुठे दिसतो ते यंत्रावर अवलंबून आहे. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमान ताडतो. ओढ दोन्ही बाजूंना सारखीच कमी-जास्त होते, म्हणून उत्तर कोल्हापुरात, दिल्लीत आणि चंद्रावर एकच. त्याचे दोष वेगळे. दांडीचे हात असमान असतील तर माल आणि मापे यांची पारडी बदलून पुन्हा तोलावे, दोन उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यावे. पारडीच असमान असतील तर हलक्या बाजूला पासंग बांधतात. ‘पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो ते इथूनच.

ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा काटा, बल मोजतो. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. अक्षांश आणि उंचीवरून हिशेब केला तर इथला छोटा जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, सुमारे ९.७८३ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. प्रमाण मूल्यावर आखलेला ताणकाटा इथे किलोमागे साधारण २.४ ग्रॅम कमी दाखवेल. गुळाच्या ३० किलोच्या रव्यावर (ढेपेवर) ७२ ग्रॅम. पन्हाळ्यावर, सुमारे ४०० मीटर आणखी वर, ५० किलोच्या माणसाला फार तर सहा-सात ग्रॅमचा फरक पडतो. ‘डोंगरावर वजन घटते’ हे वाक्य खरे आहे, पण त्याबरोबर हा आकडा सांगितलाच पाहिजे.

इथेच पुस्तकी गणिताचा एक काटा. पृथ्वीचे वस्तुमान ६ गुणिले १० चा २४ वा घात किलोग्रॅम आणि त्रिज्या ६४०० किलोमीटर घेतली की छोटा जी ९.७७ येतो. विद्यार्थी विचारतो, मग ९.८ का लिहायचे? हा फरक पूर्णांकनाचा. ५.९७२ आणि ६३७१ घेऊन पाहिले तर ९.८२ मिळतो. त्यातून पृथ्वीच्या फिरण्याचा आणि तिच्या फुगीरपणाचा परिणाम धरला की विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२. ९.७७ कोल्हापूरच्या मूल्याच्या इतका जवळ येतो तो निव्वळ योगायोग.

शाळेतल्या अनेक स्वस्त ताणकाट्यांवर एका बाजूला १००० ग्रॅम आणि समोरच १० न्यूटन छापलेले असते. दोन टक्क्यांची ही चूक कारखान्यातूनच येते. एक किलोचे माप अडकवून न्यूटनच्या बाजूला १० वाचला की सगळी शिकवण वाया जाते, म्हणून ग्रॅमची बाजू चिकटपट्टीने झाकावी. काटा उभा धरावा. आडवा धरला तर हुकाचे स्वतःचे वजन स्प्रिंगवर येत नाही आणि शून्य सरकते. क्षमतेपेक्षा जास्त ओढलेली स्प्रिंग पुन्हा शून्यावर येत नाही. तो काटा बाजूला काढावा.

लंबकाने छोटा जी काढताना लांबी दोरीच्या टोकापर्यंत नव्हे, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची. एक मीटरला एक सेंटिमीटर त्रिज्या विसरली की उत्तर ९.६९ च्या आसपास येते. मोजणी ‘शून्य’ म्हणत सुरू करावी. ‘एक’ म्हणत सुरू केली तर २० ऐवजी १९ च आंदोलने होतात, ४०.२ सेकंदांऐवजी ३८.२ सेकंद भरतात, आणि जी १०.८ निघतो. वहीत १०.८ दिसला की आधी मोजणी तपासावी.

गेल्या काही दशकांत दुकानातले तराजू गेले, इलेक्ट्रॉनिक काटे आले, आणि कोणाच्या लक्षात न येता बाजार वस्तुमान ताडणाऱ्या यंत्राकडून बल मोजणाऱ्या यंत्राकडे गेला. त्या काट्यात ॲल्युमिनियमचा पट्टा वाकतो, त्याला चिकटवलेल्या तारांचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून आकडा येतो. यंत्राला कळते ते बल, दाखवते किलो. दिल्लीत जुळवलेला काटा इथे आणून तसाच वापरला तर दहा किलोला आठ ग्रॅम कमी. भाजीला हे चालते. कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, १०० ग्रॅम सोन्याला सुमारे ८४ मिलिग्रॅम पडतात, तिथे चालत नाही. चांदीकामाच्या हुपरी गावातल्या चांदीलाही हाच हिशेब. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाण मापे ठेवून जुळवायचा असतो.

व्याख्येचा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या धड्यात वजन म्हणजे पृथ्वीची ओढ. त्या हिशेबाने ४०० किलोमीटरवरच्या अवकाशस्थानकातल्या माणसाचे वजन जमिनीवरच्या ८९ टक्के भरते. आंतरराष्ट्रीय मानकांत मात्र वजन ठरते ते निवडलेल्या संदर्भचौकटीतल्या मुक्त पतनाच्या त्वरणावर, आणि यानाच्या चौकटीत ते शून्य. ‘वजनरहित अवस्था’ हा शब्द दुसऱ्या व्याख्येत बसतो, पहिल्यात नाही. पुस्तक दोन्ही वापरते. विद्यार्थ्याने उत्तरात ‘यान आणि माणूस दोघेही सारख्याच त्वरणाने मुक्तपणे पडत असतात, म्हणून काटा शून्य दाखवतो’ असे लिहिले तर दोन्हीकडून ते बरोबर ठरते.

२० मे २०१९ पासून तो धातूचा दंडगोल किलोग्रॅमचा मानदंड राहिला नाही. शतकभरात त्याच्या आणि प्रतींच्या तुलनेत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडले होते. आता प्लांकच्या स्थिरांकाचे, म्हणजे निसर्गातल्या एका मूलभूत न बदलणाऱ्या राशीचे, मूल्य निश्चित धरून किलोग्रॅम ठरतो. ते प्रत्यक्षात आणणाऱ्या एका काट्यात वस्तूची ओढ विद्युतचुंबकीय बलाने तोलली जाते. म्हणजे वस्तुमानाचे एकक मिळवायला आधी वजन मोजायचे, आणि त्यातून वस्तुमान काढायला त्याच खोलीतला छोटा जी लागतो. तो मोजण्यासाठी शेजारी निर्वात नळीत एक आरसा सोडतात आणि तो पडताना लेसरने त्याचे अंतर आणि वेळ टिपतात.