ओळीच्या टोकाला बसलेला १३

प्रोग्रॅमची ५०० ओळींची फाइल. सहा वर्षांत सात-आठ जणांचे हात तिच्यावरून फिरलेले. कोणती ओळ कुणी, कधी लिहिली हे बघायला गिटची (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीची) ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा चालवावी, आणि ५०० च्या ५०० ओळींसमोर एकच नाव, एकच तारीख यावी. अशा वेळी हिंजवडी असो की खराडी, टीममध्ये दोन निष्कर्ष निघतात: त्या माणसाने सगळी फाइल नव्याने लिहिली, नाहीतर गिट बिघडलं. दोन्ही चूक. गिटने उत्तर बरोबर दिलेलं असतं. प्रत्येक ओळीच्या टोकाचा, पडद्यावर न दिसणारा एक बाइट तेवढा बदललेला असतो.

त्या बाइटचा क्रमांक १३. पुण्यातल्या टंकलेखन संस्थांत ज्यांनी टाइपरायटरवर परीक्षेची तयारी केली, त्यांना त्याचं मूळ हाताने माहीत आहे. घंटी वाजली की दांडी ढकलायची. कागद एक ओळ वर सरकतो आणि गाडा ओळीच्या सुरुवातीला येतो. ही दोन वेगळी कामं आहेत. टेलिप्रिंटरमध्ये त्यांना दोन वेगळे संकेत होते आणि १९६३ च्या आस्की या अक्षरांच्या प्रमाण संकेतावलीत त्यांना क्रमांक मिळाले: सुरुवातीला परत जाण्याचा १३ म्हणजे सीआर, खाली सरकण्याचा १० म्हणजे एलएफ. टेलिटाइप मॉडेल ३३ हे टेलिप्रिंटर यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं आणि ओळीच्या टोकापासून परत यायला एका अक्षराहून जास्त वेळ घ्यायचं. म्हणून आधी १३, मग १०. डॉस आणि विंडोजने ही जोडी ठेवली; युनिक्सने, आणि पुढे लिनक्सने, एकटा १० पुरेसा मानला.

आता ब्लेम नावं शोधतो कशी ते नीट बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे. ‘४२ वी ओळ अमक्याची’ अशी नोंद गिटमध्ये कुठेही नसते. प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या टप्प्यात, संपूर्ण फाइल असते आणि ओळींची मालकी दर वेळी नव्याने काढली जाते. सातबाऱ्यावरून फेरफार काढत मागे जावं तसं हे काम चालतं. फक्त इथे फेरफार क्रमांक लिहिलेला नसतो, तुलना करून शोधावा लागतो. ब्लेम शेवटच्या कमिटपासून सुरुवात करतो. ५०० ओळी त्याच्या खात्यावर. मग आधीच्या कमिटमधली फाइल समोर ठेवतो. दोन्ही फाइली हुबेहूब असतील तर त्यांचा ४० अंकी हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांकही एकच असतो, आणि सगळं खातं तुलनेशिवाय मागे सरकतं. हॅश वेगळा असेल तर ‘डिफ’, म्हणजे ओळीला ओळ लावून पाहणारी तुलना, लावला जातो. ज्या ओळी जुळल्या त्यांची जबाबदारी मागच्या कमिटकडे जाते, न जुळलेल्या तिथेच थांबतात. खात्यावर एकही ओळ उरत नाही तोवर हे चालू राहतं.

जुळणं म्हणजे बाइटला बाइट जुळणं. शेवटी १३-१० असलेली ओळ आणि नुसता १० असलेली ओळ आपल्याला एकच दिसते, डिफला वेगळी. त्यामुळे एखाद्या एडिटरने फाइल साठवताना सगळे १३ काढले किंवा घातले, की त्या कमिटपाशी ५०० पैकी एकही ओळ मागच्या फाइलशी जुळत नाही. शोध तिथेच संपतो. आधीचा इतिहास शाबूत असतो, ब्लेम त्याच्यापर्यंत पोचत नाही इतकंच. खूणही पक्की आहे: डिफमध्ये ५०० ओळी गेल्या, ५०० आल्या, आणि दुसरा काही बदल नसेल तर फाइलचा आकार बरोबर ५०० बाइटने बदललेला.

दुरुस्तीआधी दोन दुखणी वेगळी करावी लागतात: १३ चा फरक नुसत्या डिस्कवरच्या फाइलमध्ये आहे, की गिटच्या इतिहासात शिरला आहे. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप रोमन लिपीत करायच्या.) सगळ्या ओळींसमोर हॅशच्या जागी शून्यं आणि ‘नॉट कमिटेड येट’ दिसत असेल, तर फरक डिस्कवरच्या फाइलमध्ये आहे. विंडोजच्या गिटने काढलेली प्रत डब्ल्यूएसएलमधल्या (विंडोजमध्येच चालणाऱ्या लिनक्समधल्या) गिटने वाचली की हे हमखास होतं: एकाने १३ घातले, दुसऱ्याला ते काढायचे आहेत हे ठाऊक नाही. ‘गिट ब्लेम हेड -- फाइलचं नाव’ चालवा. ही आज्ञा शेवटच्या कमिटपासून (‘हेड’) सुरू होते, डिस्कवरची फाइल बघतच नाही. जुनी नावं परत दिसली तर इतिहास ठीक आहे. मग ‘गिट एलएस-फाइल्स --ईओएल’ चालवा. त्यात ‘आय/’ पुढे गिटच्या आतली स्थिती असते, ‘डब्ल्यू/’ पुढे डिस्कवरची. ‘आय/एलएफ’ आणि ‘डब्ल्यू/सीआरएलएफ’ ही जोडी विंडोजवर निरोगी आहे. ‘आय/सीआरएलएफ’ म्हणजे १३ गिटमध्ये शिरले. ‘आय/मिक्स्ड’ सगळ्यात वाईट, एकाच फाइलमध्ये दोन्ही.

‘फोल्डर उडवा, पुन्हा क्लोन करा’ (म्हणजे प्रकल्पाची नवी प्रत उतरवा) हा सर्रास सांगितला जाणारा तोडगा आहे. १३ इतिहासात असतील तर क्लोन ते प्रामाणिकपणे परत आणतो. आणि ब्लेममधल्या ओळी मोजून कुणी किती काम केलं हे ठरवणारी कोष्टकं तर सरळ बंद करावीत; ओळींची टोकं बदलणारा एक कमिट आख्खा प्रकल्प एकाच्या नावावर करतो.

नुसतं वाचायचं असेल तर ‘गिट ब्लेम -डब्ल्यू’ पुरतं. त्यात तुलना करताना मोकळ्या जागा धरत नाहीत आणि टोकाचा १३ त्यातच मोडतो. पण ओळीच्या सुरुवातीची जागाही धरली जात नाही. पायथॉनमध्ये त्या जागेला अर्थ असतो, तिथे खरा बदल करणारा माणूस यात दिसेनासा होईल. त्याहून नेमका उपाय गिट २.२३ पासून आहे: त्या कमिटचा पूर्ण ४० अंकी हॅश एका फाइलमध्ये लिहायचा आणि ‘ब्लेम.इग्नोररेव्ज़फाइल’ या सेटिंगमध्ये त्या फाइलचं नाव द्यायचं. ब्लेम तो कमिट ओलांडून मागे जातो. मात्र ती फाइल ज्या ब्रँचमध्ये (प्रकल्पाच्या समांतर फांदीत) नसेल तिथे ब्लेम त्रुटी देऊन थांबतो.

कायमच्या उपायासाठी प्रकल्पातल्या ‘.गिटॲट्रिब्युट्स’ या फाइलमध्ये ‘* टेक्स्ट=ऑटो’ लिहावं, म्हणजे गिट मजकुराच्या फाइली आत नुसत्या १० ने साठवतं. १३ घालायचे-काढायचे का हे ठरवणारं ‘ऑटोसीआरएलएफ’ हे सेटिंग ज्याच्या त्याच्या मशीनवर राहतं, ही फाइल मात्र प्रकल्पाबरोबर सगळीकडे जाते. ‘.एसएच’ फाइलींना (लिनक्सच्या आज्ञांच्या फाइलींना) ‘ईओएल=एलएफ’ वेगळं लिहावं; त्यांच्या पहिल्या ओळीत त्या चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव असतं, तिथे १३ राहिला तर लिनक्स ‘बॅश’ऐवजी ‘बॅश आणि पुढे १३’ अशा नावाचा प्रोग्रॅम शोधतो आणि तो मिळत नाही. ‘टेक्स्ट=ऑटो’ आधीच १३ शिरलेल्या फाइलींना आपणहून हात लावत नाही, म्हणून एकदा ‘गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .’ चालवून कमिट करावा लागतो. त्या कमिटमध्ये दुसरा एक शब्दही बदलू नये, कारण ब्लेममधून वगळताना तोही झाकला जाईल. उघड्या ब्रँच शक्यतो त्याआधीच मर्ज कराव्यात, म्हणजे मुख्य फांदीत मिसळून घ्याव्यात. राहिल्याच तर मर्ज करताना ‘-एक्स रीनॉर्मलाइझ’ द्यावं, म्हणजे ओळीओळीला संघर्ष दाखवला जाणार नाही.