नागरी पाणीसाठवण आणि आरोग्य (मराठवाडा)

नळाला रोज पाणी येत नसल्याने मराठवाड्यातील शहरांत घरोघरी पाणी भरून ठेवावे लागते. साठवणीची साधने ऐपतीनुसार बदलतात आणि त्यातून वस्तीवस्तीत आरोग्याची तफावत पडते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे या प्रश्नाला जुनी पार्श्वभूमी आहे. 1610 च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी (या शहराचे मूळ नाव) वसविली आणि जमिनीखालून केवळ उताराने पाणी आणणाऱ्या नहरींचा आरंभही त्याच्याच कारकिर्दीत, म्हणजे 1626 पूर्वी, झाला असावा. हे तंत्र थेट इराणी कनातींवरून (जमिनीखालील जलवाहिन्यांवरून) घेतले, असे काहींचे मत आहे. तथापि बीदरचे करेज (तशीच भूमिगत जलवाहिनी) सामान्यतः बहमनीकालीन, म्हणजे मलिक अंबरापूर्वीचे, मानले जात असल्याने हे तंत्र दख्खनेत आधीच रुजले होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शहरातील पाणचक्कीची (पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या जुन्या पिठाच्या जात्याची) नहर नंतरची असून तिची कालनिश्चिती सतराव्या शतकाची अखेर ते अठराव्या शतकाचा मध्य अशी दोलायमान आहे. आज शहर पैठणच्या जायकवाडी जलाशयातून उपसलेल्या पाण्यावर अवलंबून असल्याने वीज खंडित झाली की पाण्याची पाळीही लांबते.

जमिनीखालचा हौद, मोटार आणि गच्चीवरील झाकणबंद टाकी असलेल्या घराला ही लांबण फारशी जाणवत नाही. गुंठेवारी (गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरील) वसाहतीत मात्र दाराशी दोनशे लिटरचा ड्रम असतो व त्यावर फळी किंवा फडके असते. डेंग्यू पसरविणारी एडिस इजिप्ती डासाची मादी अशा ड्रमच्या आतल्या कडेला, पाण्याच्या पातळीलगत अंडी चिकटवते. ती कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे ड्रम नुसता उपडा करून भागत नाही, तो घासावा लागतो. उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास, म्हणजे पाण्याची सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्यास, सांगतो; परंतु पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नसलेले कुटुंब भरलेला ड्रम ओतून देईल, ही अपेक्षाच मुळात अव्यवहार्य आहे. भरणे, झाकणे, घासणे ही कामे बहुधा बायका-मुलींकडेच असतात.

2016 मध्ये मांजरा धरण आटल्यावर लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदीचे कलम 144 लावण्यात आले आणि एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात खासगी टँकर विकत घेऊ शकणारे आणि सार्वजनिक टँकरपुढे घागरी मांडून बसणारे, असे शहराचे सरळ दोन भाग पडले होते.