टर्बो-एन्कॅब्युलेटर: कधीच न बनलेल्या यंत्राची पार्श्वभूमी

टर्बो-एन्कॅब्युलेटर हे यंत्र आजवर कोणी बनवलेलं नाही आणि त्याचा उपयोग काय, हे त्याचं वर्णन दहा वेळा वाचूनही कळत नाही. तरीही गेली ऐंशी वर्षं ते इंजिनिअर मंडळींच्या तोंडी आहे.

त्याचा जन्म ब्रिटनमधला. १९४४ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या संस्थेच्या विद्यार्थ्यांसाठीच्या त्रैमासिकात जॉन हेलिन्स क्विक याचा छोटासा लेख छापून आला: या काल्पनिक यंत्राचं, तांत्रिक भाषेची नक्कल करत, अगदी गंभीर चेहऱ्याने केलेलं वर्णन. म्हणजे विनोद घरातलाच होता: लिहिणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि वाचणारेही तेच. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाहेरच्या माणसाने तांत्रिक भाषेची टिंगल केली असती तर ती दोन दिवसांत विरून गेली असती.

क्विकची कारागिरी नीट पाहण्यासारखी आहे. यंत्राचा तळपत्रा 'प्रीफॅब्युलेटेड अ‍ॅम्युलाइट'चा. असा पदार्थच नाही. त्यावर 'लॉगरिदमिक' आवरण. लॉगरिदम खरा, पण तो गणितातला, त्याचं आवरण कसं करणार? मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारांच्या वेढ्यांना, स्टार-डेल्टा जोडणी असते, हे विजेचं काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. इथे ती 'लोटस-ओ-डेल्टा' आहे, आणि वर 'नेहमीच्या प्रकारची' असल्याची ग्वाही. वाइंडिंगमधली दर सातवी तार 'ट्रेमी पाइप'ने जोडलेली. आता ट्रेमी पाइप खरोखर असतो, पण तो पाण्याखाली काँक्रीट ओतण्यासाठी! एका वाक्यात खरं, अर्धवट खरं आणि साफ खोटं इतक्या बेमालूम मिसळलेलं असतं की जाणकारही क्षणभर मान डोलावतो. वाक्यरचना मात्र अस्सल अहवालाची: आधी अडचण, मग उपाय. 'साइड फम्बलिंग'ला चांगला आळा बसला, असं तो सांगतो आणि वाचणाऱ्याला हायसं वाटतं. ही कोणती व्याधी, हा प्रश्न नंतर पडतो.

१९४६ मध्ये हा मजकूर अमेरिकेत पोचला. आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीच्या पत्रिकेत तो आला, तिथून 'टाइम' साप्ताहिकात, आणि वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या उपकरण विभागाने तर त्याचं रीतसर तपशीलपत्रकच काढलं. खऱ्या उपकरणांची पत्रकं काढणाऱ्यांनीच हे करावं, यापेक्षा मोठी दाद कोणती?

कागदावरून पडद्यावर त्याला आणलं बड हॅगर्टने. डेट्रॉइट परिसरात कंपन्यांच्या प्रशिक्षणपटांत निवेदन करणारा हा नट. रोज दुसऱ्यांनी लिहिलेला तांत्रिक मजकूर, समजो न समजो, ठाम आवाजात बोलायचा हाच त्याचा पेशा. १९७० च्या दशकात त्याने टर्बो-एन्कॅब्युलेटरचा मजकूर तसाच, पापणीही न लववता म्हणून दाखवला. छापील लेखात ज्याची कमी होती ते यात सापडलं: खात्रीचा सूर. माझ्या मते या विनोदाचं दुसरं आयुष्य हॅगर्टमुळेच आहे.

पुढच्या आवृत्त्या याच वाटेने गेल्या. क्रायस्लर या मोटार कंपनीसाठी एक निघाली. कारखान्यांची नियंत्रण उपकरणं बनवणाऱ्या रॉकवेल ऑटोमेशनची 'रेट्रो-एन्कॅब्युलेटर' खऱ्या कंट्रोल पॅनेलसमोर उभं राहून चित्रित केली आहे. यंत्राचं नाव बदललं, पण साइड फम्बलिंगचा बंदोबस्त त्यातही चोख आहे.