डॉल्बीत डॉल्बी नसतो

कोल्हापुरात गणपतीच्या मिरवणुकीत छाती हादरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या अभियंत्यानं 1965 मध्ये कंपनी काढली, ती मात्र टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. खरखर घालवणाऱ्याचं नाव आपण दणदणाटाला देऊन टाकलं!

हे हसण्यावारी नेलं असतं, पण सुट्टीच्या दिवशी मी आठ-दहा पोरांना कॉम्प्युटरवर संगीत कसं बनतं ते शिकवतो आणि तिथं शब्दांचा हा घोळ पावलोपावली आडवा येतो. ‘आवाज बारीक कर’ म्हटलं की आपण व्हॉल्यूम कमी करतो. ‘तिचा आवाज बारीक आहे’ म्हणजे मात्र सूर उंच. पहिला मामला लहरीच्या आयामाचा, म्हणजे ती किती मोठी याचा; दुसरा वारंवारतेचा, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा हलते याचा.

म्हणून आम्ही वर्गापुरती ऑन्टॉलॉजी करायला घेतली. शब्द तत्त्वज्ञानातला, संगणकवाल्यांनी तो उचलून कामाला लावला. एखाद्या विषयात काय काय आहे आणि त्यांची एकमेकांशी नाती काय, हे यंत्रालाही वाचता येईल असं लिहून काढायचं. प्रत्येक विधान तीन तुकड्यांचं: ‘सॅम्पलिंग – आधी हवं – वारंवारता’, ‘आलियासिंग – आधी हवं – सॅम्पलिंग’. ‘आधी हवं’ हे नातं साखळीनं पुढं जातं एवढं सांगितलं, की आलियासिंगच्या आधी वारंवारता शिकवायला हवी हे रीझनर नावाचा प्रोग्राम आपणहून काढतो. (सीडीसाठी आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजतात, हे सॅम्पलिंग. त्यात सेकंदाला 22,050 कंपनांच्या, म्हणजे 22,050 हर्ट्झच्या, आतलंच नीट पकडता येतं. मोजण्याआधी गाळला नाही, तर 30,000 हर्ट्झचा सूर 14,100 चं सोंग घेऊन बसतो. हे आलियासिंग.)

आता माझ्या आवडीची भानगड. एका पोरानं विचारलं, ‘‘सर, सॅम्पल म्हंजे नक्की काय वो?’’ मी सांगितलं होतं, सॅम्पल म्हणजे एका क्षणी मोजलेला एक आकडा. त्याच्या मिक्सिंग करणाऱ्या भावाकडं मात्र हलगीचं दोन सेकंदांचं ‘सॅम्पल’ होतं. म्हणजे एका सॅम्पलमध्ये 88,200 सॅम्पल! दोन्ही अर्थ जगभर चालतात. आम्ही दोन्ही एकाच नावाखाली नोंदवले आणि रीझनर आता ओरडेल म्हणून वाट बघत बसलो. तो गप्प.

कारण आउल या भाषेत, जिला वेबच्या जागतिक संघानं 2004 मध्ये मान्यता दिली, जे लिहिलं नाही ते खोटं ठरत नाही, ते फक्त माहीत नसतं. एसटीच्या आरक्षणाच्या यादीत नाव नसलं तर तुमचं तिकीट नाही, विषय संपला. आउलमध्ये नाव नसलं तर ‘असेलही बुवा’. इतकंच काय, नावं दोन म्हणून वस्तू दोन, असंही ती धरून चालत नाही. घरचा गोट्या शाळेतला प्रथमेश असू शकतो. आकडा आणि ध्वनिमुद्रण हे वर्ग परस्परविभक्त आहेत, एकच वस्तू दोन्हींत बसणार नाही, हे एक वाक्य घातलं मात्र, रीझनरनं विसंगती दाखवली. मग संकल्पना दोन केल्या आणि ‘सॅम्पल’ हे लेबल दोन्हींना चिकटवलं. लेबल कितीही असोत, संकल्पनेची ओळख वेगळी राहते. ‘डॉल्बी’चंही तसंच केलं.

पुढची गाठ आपल्याच संगीतानं घातली. ‘स्वर म्हणजे ठरलेली वारंवारता’ असं लिहून टाकलं होतं. पेटी वाजवणारी एक मुलगी म्हणाली, ‘‘मग सा केवढ्याचा?’’ काळी एकचा खालचा सा घेतला तर साधारण 138.6 हर्ट्झ. त्याचा पंचम दीडपट, 207.9. काळी चारचा सा 207.7 च्या आसपास. म्हणजे काळी एकवाल्याचा पंचम तो काळी चारवालीचा षड्ज, जवळपास तीच लहर. तेव्हा सा ही वारंवारता नव्हे, ते नातं आहे. भाऊ म्हटल्यावर ‘कुणाचा?’ विचारावं लागतं तसं.

याच सुमारास कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ आणला: 432 हर्ट्झचं संगीत विश्वाशी जुळतं, रोग बरे करतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा. सेकंद माणसानं दिवसाचे 86,400 भाग पाडून ठरवला. भाग वेगळे पाडले असते तर त्याच सुराचा आकडा वेगळा आला असता. विश्वाला आपलं घड्याळ ठाऊक नाही.

‘वाद्य – लावलं जातं – षड्जात’ हे वाक्य अजून आमच्या ऑन्टॉलॉजीत होतं. हलगीनं ते पाडलं. वाजवण्याआधी हलगी शेकतात, कातडं ताणतं, वारंवारता वाढते, कडाडून बोलते. पण तिचा सा कुठला? नुसत्या कातड्याच्या कंपनांच्या वारंवारता तारेसारख्या दुप्पट-तिप्पट अशा नेमक्या पटीत नसतात, त्यामुळं कानाला एक ठाम सूर धरता येत नाही. हलगी तर वाद्यच. म्हणून ते वाक्य खोडलं, आणि ‘सुराचं वाद्य’ असा वेगळा उपवर्ग काढून तिथं लिहिलं. शाईमुळं तबल्याचा सूर ठाम लागतो, म्हणून तो त्यात घातला. ढोलकीवरून वाद चालू आहे.