डांबरगोळ्यांच्या वासाने कसर पळत नाही

कपाटाच्या कोपऱ्यात दोन-चार डांबरगोळ्या टाकल्या की त्यांच्या वासाने कसर फिरकत नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ते खरं नाही. नुसत्या वासाने कसरीची अळी मरत नाही. या गोळ्या ज्या रसायनाच्या असतात, त्या नॅफ्थॅलीनची वाफ बंद जागेत दाट साठली, तरच अळी मरते. रोज उघडणाऱ्या कपाटातून ती वाफ खोलीत येते आणि आपल्याच श्वासात जाते. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी या वाफेने फुटू शकतात. म्हणून बाळाची दुपटी या गोळ्यांत ठेवूच नयेत, हे मी कळकळीने सांगते.

मुळात कसरीचा उडणारा पतंग कापड खात नाही, त्याची अळी खाते. तेही मुख्यतः लोकर आणि रेशीम, कारण तिला प्राण्यांच्या तंतूंतली प्रथिनं लागतात. घाम किंवा अन्नाचे डाग असलेला कपडा तिला जास्त आवडतो. स्वेटरची कॉलर उलटून बघा, काखेतली शिवण बघा. भोकं बहुधा तिथेच सापडतात. त्यामुळे लोकरीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सुती कपड्यांना तर गोळ्यांची गरजच नाही.